मुलींचा हात उशिरा बसतो का? एका भूलतज्ज्ञ बाईचं सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी मूळची सोलापूरची, इंटर्नशिप दुसऱ्या गावात करतेय. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं. कॅज्युअल्टीत टाके घालायला तिला बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात, कॅमेरा धरला की चित्र तिरपं होतं आणि सर वैतागतात. एका सिनिअरने सगळ्यांसमोर ऐकवलं, "मुलींचा हात उशिरा बसतो, तुम्ही आपलं पेडिॲट्रिक्स नाहीतर स्किन बघा." तिला सर्जरी करायची आहे. यात तथ्य किती आणि नीट-पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या) पसंतीक्रमात सर्जरी टाकावी की नाही, असं विचारतेय.

तुला 'तू'च म्हणते. माझ्याबरोबर ओटीत (ऑपरेशन थिएटरात) येणाऱ्या सगळ्या पोरापोरींना तसंच म्हणते, आता वेगळं काही जमायचं नाही.

मी भूल देते. आधीची बरीच वर्षं शिकवण्यात गेली, आता बॅग उचलायची आणि या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात. सकाळी रेल्वे लाइन्सला सिझेरियन, दुपारी होटगी रोडला दुर्बिणीतून पित्ताशय, रात्री जुळे सोलापुरात कुणाचं तरी फुटलेलं अपेंडिक्स. सर्जनचं लक्ष जखमेत असतं. मी पेशंटच्या डोक्याशी बसलेली असते, त्यामुळे मला टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे हात दिसतात. कोणाचे खांदे वर चढलेत, कोण एकच सुई तीनदा पकडतंय, कोणाच्या हातातून सिनिअरने हत्यार काढून घेतलं. शिवाय श्वासनळीत नळी टाकणं, मणक्यातली स्पायनल भूल, मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन ही आमची स्वतःची हातकामं मुलामुलींना शिकवत आले आहे. त्या जोरावर बोलते.

तुझ्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. बाई आणि पुरुष यांच्या हातात मुळात फरक असतो का, हा पहिला. तू आत्ता हळू का आहेस, हा दुसरा. आणि त्यावरून शाखा निवडावी का, हा तिसरा. तुझ्या सिनिअरने पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली. मधला प्रश्न त्याने विचारलाच नाही, आणि उत्तर सगळं त्यातच आहे.

पहिल्याचं आधी उरकू. फरक असतात. सरासरीने बाईचा पंजा लहान, उंची कमी, मुठीची ताकद कमी. हे नाकारून काही मिळत नाही. बोटांच्या बारीक कामाचं म्हणशील तर पारडं उलटं झुकतं. आपल्या गावात तर हे सांगायलाही नको. विड्या वळायला बायकाच लागतात, का तर म्हणे बायकांची बोटं चपळ. मजुरी हजाराच्या हिशेबाने, त्यामुळे पान कातरणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा गुंडाळणं इतक्या झपाट्यात चालतं की बघणाऱ्याला एक कृती दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. त्याच बाईची लेक डॉक्टर झाली आणि तिच्या हातात नीडल होल्डर, म्हणजे टाके घालायची सुई धरायचा चिमटा आला, की तिचा हात म्हणे उशिरा बसतो! मजुरी कमी असलेल्या कामाला चपळ असलेली बोटं मानाच्या कामाला मंद कशी होतात, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

यावर मोजमापंही झालेली आहेत. पर्ड्यू पेगबोर्ड नावाची एक चाचणी आहे, १९४० च्या दशकात कारखान्यातले कामगार निवडण्यासाठी बनवलेली. फळीला बारीक भोकं, त्यांत छोट्या खुंट्या भराभर बसवायच्या. त्यात बायका सरासरीने पुढे असतात. १९९० मध्ये काही संशोधकांनी बोटांची जाडी मोजून ती हिशेबात धरली, तर स्त्री-पुरुषांतला तो मोठा फरक जवळजवळ नाहीसाच झाला. म्हणजे बारीक खुंटीला बारीक बोट सोयीचं, इतकीच गोष्ट होती. जाड बोटांच्या बाईला तोच त्रास, सडपातळ बोटांच्या पुरुषाला तीच सोय. हा निष्कर्ष लक्षात ठेव, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते याच जातीचं आहे. लिंगाचा म्हणून दिसणारा फरक पुष्कळदा मापाचा असतो.

तर आता टेबलाकडे ये. माझ्या मते निम्मी गोष्ट इथे आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

लॅप्रोस्कोपीची हत्यारं लांब. पोटात गॅस भरला की पोटाची भिंत वर येते. त्यामुळे हत्याराची मूठ टेबलाच्या पुष्कळ वर राहते. ती कोपराच्या पातळीला आणायची तर टेबल चांगलंच खाली घ्यावं लागतं. २००२ च्या एका अभ्यासात ही योग्य उंची जमिनीपासून ६४ ते ७७ सेंटीमीटर निघाली होती. आपल्याकडची कित्येक जुनी हायड्रॉलिक टेबलं इतकी खाली जात नाहीत आणि जी जातात ती मुख्य सर्जनच्या मापाने लावलेली असतात. सर्जन पाच फूट दहा इंच, असिस्ट करणारी पाच फूट एक. मग तिची कोपरं पंखासारखी बाहेर येतात, खांदे कानाकडे चढतात, मनगट वाकडं होतं. थोड्या वेळात दंड भरून येतो आणि हत्याराचं टोक थरथरायला लागतं. पडद्यावर ती थरथर मोठी होऊन सगळ्यांना दिसते. सर म्हणतात, "अगं, हात स्थिर ठेव ना." आता हाताचा यात काय दोष, दमलाय तो खांदा. पाच फूट एक इंचाचा मुलगा तिथे उभा केला तर त्याचंही हेच होतं. असे मुलगे कमी असतात म्हणून तो नियम मुलींच्या नावावर चढतो.

उपाय साधा, पायाखाली स्टूल. पण त्यातही मेख आहे. विजेने कापणाऱ्या, रक्त थांबवणाऱ्या कॉटरीचा पेडल खाली फरशीवर राहतो. एक पाय स्टूलवर आणि दुसरा खाली पेडल शोधतोय, अशा अवस्थेत काम करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. सगळा भार एका पायावर, कंबर कलती, आणि अशा स्थितीत म्हणे पित्ताशय यकृतापासून सोडवा. स्टूल रुंद हवं, दोन्ही पाय मावतील असं, आणि पेडलही त्यावरच घ्यायचा. हे हात धुवायला जायच्या आधी ओटीतल्या मामांना सांगून मांडून घ्यायचं. एकदा गाऊन चढला, ड्रेप पडलं, की कोणी विचारत नाही आणि तुलाही मागायचा संकोच वाटतो.

हत्यारांचंही तेच. पोटातलं आतडं कापून शिवणारे जे स्टेपलर असतात, त्यांची मूठ दाबायला पंजा मोठा लागतो. २००४ मध्ये ७२६ लॅप्रोस्कोपिक सर्जनांची पाहणी झाली होती. ज्यांना साडेसहा किंवा त्याहून लहान नंबरचा हातमोजा लागतो, त्यांनी ही हत्यारं वापरायला अवघड जातात असं जास्त प्रमाणात सांगितलं. ती अडचण खरी आहे. माझ्या ओळखीच्या एक सर्जन बाई स्टेपलर सरळ दोन्ही हातांनी दाबतात, असिस्टंटला तेवढ्यापुरतं टोक सांभाळायला लावतात आणि त्याबद्दल कोणाची माफी मागत नाहीत.

तुझ्या कॅज्युअल्टीतल्या टाक्यांकडे येते. तिथे बहुतेक एकच नीडल होल्डर असतो, तोही मोठा आणि लॉक सैल झालेला. साडेसहाचे मोजे संपलेले, म्हणून साडेसात चढवलेले, बोटांच्या टोकाला रबर लोंबतंय. हे तुझ्याकडे होतंय का बघ. लोंबणारं रबर गाठीत अडकतं, प्रत्येक गाठीला दोन-तीन सेकंद जातात आणि चार टाक्यांत तू 'हळू' ठरतेस. दुसरं, होल्डरच्या कड्यांत अंगठा आणि अनामिका पार मुळापर्यंत घालू नकोस. पहिल्या पेरापर्यंतच. तर्जनी दांड्यावर, जिथे दोन पाती मिळतात त्याच्या जवळ ठेव. लहान पंज्याला होल्डर सुटेल अशी भीती वाटते म्हणून बोटं आत जातात, आणि एकदा आत गेली की मनगट फिरायचं थांबतं. सुई वाकडी असते, ती तिच्या वळणानेच गेली पाहिजे. मनगट फिरलं नाही तर ती ढकलावी लागते, कातडी ओढली जाते, सुई वाकते. पुढच्या वेळी फोनवर व्हिडिओ काढून फक्त मनगट बघ.

आमच्या कामातलं उदाहरण देते, कारण 'ताकद लागते' हा गैरसमज तिथे सगळ्यात घट्ट आहे. नळी टाकताना डाव्या हातात लॅरिंगोस्कोप धरून जीभ आणि जबडा उचलायचा असतो. नवीन मुलगी येते, दिसत नाही, मग मनगट मागे वाकवते आणि पातं वरच्या दातांवर टेकतं. मी ओरडते. ती म्हणते, "मॅडम, माझ्यात जोरच नाही." जोराचा प्रश्न तिथे फार थोडा असतो. टेबल वर घे, पेशंटचं कपाळ तुझ्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत येऊ दे. कोपर अंगाजवळ. मनगट अजिबात वाकवायचं नाही, आणि समोरची भिंत जिथे छताला मिळते त्या दिशेने पूर्ण हात उचलायचा. मग खांदा आणि पाठ काम करतात, मनगटाला काही करावंच लागत नाही. बहुतेक मुलींना इतकं सांगितल्यावर स्वरयंत्राचं तोंड दिसतं. मुलांची गंमत अशी की मनगटात जोर असल्यामुळे चुकीच्या पद्धतीनेही सोप्या पेशंटमध्ये त्यांचं निभावून जातं. चूक कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे आखूड मानेचा, शंभर किलोचा माणूस टेबलावर आला की तो जोर पुरत नाही आणि पद्धत तर शिकलेलीच नसते. अशा मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकवणं मला नवख्या मुलीला शिकवण्यापेक्षा जड जातं.

सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचंही, थोडक्यात सांगून टाकते. छाती पाच ते सहा सेंटीमीटर दाबली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. वजनाने हलक्या मुलीचे दाब उथळ जाऊ शकतात, विशेषतः पलंग उंच असला तर. पलंगाशेजारी स्टूल, कोपरं ताठ, खांदे थेट हातांवर आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदल.

दुसरी निम्मी गोष्ट पाळ्यांची, म्हणजे हातात हत्यार घ्यायची संधी कोणाला किती वेळा मिळते त्याची. हे तुझं तूच तपासून बघायचं आहेस.

पुरुष पेशंटला लघवीची नळी, कॅथेटर घालायचाय म्हटलं की सिस्टर मुलाला हाक मारतात. बाईला आतून तपासायचं म्हटलं की मुलीला. त्याचं कारण समजण्यासारखं आहे, पेशंटचा संकोच खरा असतो. आमच्याकडे अक्कलकोट, मंगळवेढा, सीमेपलीकडून विजयपूर-कलबुर्गीकडून येणाऱ्या बायका पुरुष डॉक्टर दिसला की पदर घट्ट ओढून घेतात, त्यांना तिथल्या तिथे दुखवण्यात अर्थ नाही. पण मध्यरात्री मारामारीत डोकं फुटून, दारू पिऊन एक गडी येतो, तेव्हा "मॅडम, तुम्ही राहू द्या, हा बघेल" असं म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण डोक्याची जखम ही टाके शिकायची सगळ्यात चांगली जागा. कातडी जाड, रक्तपुरवठा भरपूर म्हणून भरून येते, टाका थोडा वाकडा गेला तरी केसांत झाकला जातो. काळजीपोटी तुला वाचवलेला प्रत्येक टाका त्या मुलाच्या खात्यात जमा होतो. सहा महिन्यांनी दोघांना शेजारी उभं करून घड्याळ लावलं तर कोण पुढे असणार?

तुमच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून लॉगबुक आलंय. बघितलं, मदत केली, स्वतः केलं, असे टप्पे त्यात आहेत. परीक्षेपुरतं सगळं हिरवं करून ठेवायची आपली पद्धत मला माहीत आहे. तू मात्र एक वेगळी वही कर आणि फक्त खरं लिही. कोणती प्रोसिजर, मी बघितली की हात लावला, आणि हात लावला तर शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली का. शेजारच्या मित्रालाही प्रामाणिकपणे लिहायला सांग. महिन्याने दोन वह्या शेजारी ठेवा. पाळ्या सारख्या असून तू हळू असशील, तर ती तुझ्या हाताची बाब. पाळ्याच कमी असतील तर हाताला नावं ठेवायच्या आधी ती वही सरांच्या टेबलावर ठेव.

'शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली का' यावर मुद्दाम जोर दिला. मी डोक्याशी बसून जे बघते त्यात सगळ्यात ठळक हे आहे. मुलगा अडला की सर बोलतात: "मनगट सोड. कोपर आत घे. सुई टोकापासून दोन तृतीयांशावर पकड. आता मार." मुलगी अडली की सर म्हणतात, "दे इकडे, हळूहळू जमेल तुला," आणि होल्डर त्यांच्या हातात. बोलण्यात माया दुसऱ्यात जास्त आहे. शिकवणं पहिल्यात आहे. मुलगी त्या दिवशी घरी जाते ती आपल्याला जमत नाही एवढंच घेऊन, नक्की काय चुकलं हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. आणि हे करणाऱ्यांत आम्ही बायकाही असतो, बरं का. लेडी डॉक्टर म्हणून मुलीला सांभाळून घेतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तिची पाळी कापलेली असते.

याला आधारही आहे. शस्त्रक्रियेची कौशल्यं शिकताना स्त्री-पुरुषांत काय फरक दिसतो, यावरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी पातळीवर सुरुवातीला मुलं काही कामांत पुढे दिसतात, रेसिडेंटपर्यंत (पीजी करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत) पोचल्यावर तसा फरक राहत नाही, आणि समोरासमोर बसून, चूक दाखवत शिकवलं की मुलींची प्रगती विशेष दिसते, असा त्याचा रोख होता. माझ्या डोळ्यांना जे दिसलं त्याच्याशी हे जुळतं.

आता तुझा कॅमेरा. इथे मात्र तुझ्या सिनिअरच्या बोलण्यात तथ्याचा एक कण आहे, आणि तो मी लपवणार नाही. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून दुसऱ्या बाजूने कशी दिसेल हे ओळखण्याची एक चाचणी असते. तिच्यातल्या ठोकळ्यांच्या आकृत्या १९७१ च्या एका प्रसिद्ध प्रयोगापासून वापरात आहेत. त्यात पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा वर येते, आणि हे पुन्हा पुन्हा दिसलंय. लॅप्रोस्कोपीत तीस अंशाचा स्कोप, म्हणजे तिरप्या टोकाची दुर्बीण धरताना नेमकं हेच लागतं. स्कोपचं टोक तिरपं, कॅमेरा वेगळा फिरतो, प्रकाशाची केबल वेगळी, आणि पडद्यावर सपाट चित्र. शिवाय हत्यार बाहेर उजवीकडे नेलं की आत डावीकडे जातं.

पण सरासरीतला हा फरक सरावाने हलतो. २००७ मध्ये एका प्रयोगात लोकांना फक्त १० तास ॲक्शन व्हिडिओ गेम खेळायला लावला, तेवढ्यात या चाचणीतला स्त्री-पुरुषांमधला फरक कमी झाला, बायकांची सुधारणा जास्त होती. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्या सर्जनांच्या लॅप्रोस्कोपीच्या सरावकामात चुका ३७ टक्के कमी होत्या. आता विचार कर. हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गोळीबार कोण खेळत होतं? आणि बारावीत 'अभ्यास कर, मोबाइल ठेव' कोणाला जास्त ऐकावं लागलं? पहिल्या दिवशी जो मुलगा कॅमेरा सरळ धरतो, त्याचा सराव दहा वर्षांपूर्वीच सुरू झालेला असतो, फक्त त्याला कोणी सराव म्हटलेलं नसतं. गेम खेळायला मी सांगत नाही. माझा मुलगा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी खास लिहून ठेवते.

तुझ्यासाठी कॅमेऱ्याची युक्ती एवढीच: कॅमेऱ्याचं डोकं आणि प्रकाशाची केबल या दोन गोष्टी स्वतंत्र समज. डाव्या-उजव्या हातांना वाटून दे. एका हाताचं काम क्षितिज सरळ ठेवणं, तो हात सहसा हलत नाही. दुसऱ्या हाताने केबल फिरवायची, म्हणजे नजर वळते. केबल वर असेल तर स्कोप खाली बघतो, केबल डावीकडे नेली तर उजवीकडे बघतो. हे पोटात शिकू नकोस. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोक पाडून, आत फोनचा कॅमेरा चिकटवून, चित्र लॅपटॉपवर घे आणि आतले शेंगदाणे दोन लांब चिमट्यांनी एका वाटीतून दुसरीत टाक. खोक्याचा खर्च शून्य, शेंगदाणे आपल्या गावात कमी नाहीत.

सराव रोज थोडा कर. रविवारी चार तास बसून बाकी आठवडा काहीच नाही, यात हात बसत नाही. २००६ मध्ये सर्जरीच्या रेसिडेंटवर प्रयोग झाला होता: बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे तेच धडे एका गटाला एका दिवसात दिले, दुसऱ्याला आठवड्याला एक असे चार आठवडे. महिनाभराने तपासलं तर वाटून शिकलेला गट सरस निघाला. तेव्हा जेवणानंतर पंधरा मिनिटं, स्पंजवर टाके, पलंगाच्या दांड्याला दोऱ्याने गाठी, डाव्या हातानेही. आणि ओटीत जाताना सरांना मोघम "मला करू द्या ना" म्हणू नकोस. "सर, आज शेवटचे स्किनचे टाके मी घालते, पहिले दोन तुम्ही बघा आणि चूक तोंडाने सांगा, हत्यार घेऊ नका" असं म्हण. बहुतेक सर हसतात आणि देतात. जे चिडतात त्यांच्याकडून तसंही फार शिकायला मिळत नाही.

काही गोष्टी मात्र मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. तू डावखुरी असशील तर नीडल होल्डरचं लॉक उजव्या हातासाठी बनवलेलं असतं, ते सोडायची पद्धत वेगळी शिकावी लागेल. डोळ्यांचा नंबर शेवटी कधी तपासला? एका डोळ्याने कमी दिसत असेल तर खोलीचा अंदाज चुकतो, ते मुलांतही तितकंच सापडतं आणि वर्षानुवर्षं कळत नाही. रात्रपाळीनंतर उपाशीपोटी दोन कप चहावर हात थरथरतो, तो कोणाचाही. आणि 'हळू' म्हणजे किती? घड्याळात हळू आणि जखम सुबक, की दोन्हीत गडबड? पहिलं असेल तर सोडून दे. पहिल्या वर्षात घाई करणाऱ्यांच्या जखमा उसवून परत आलेल्या मी बघितल्या आहेत.

शाखेचं. सर्जन झाल्यावर पेशंटचं काय होतं, हे शेवटी महत्त्वाचं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एक लाखाहून जास्त शस्त्रक्रियांची नोंद तपासून २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, आजार, हॉस्पिटल, सर्जनचा अनुभव जुळवून बघितलं, तर बाई सर्जनच्या पेशंटांत तीस दिवसांतले मृत्यू किंचित कमी होते. फरक लहान आहे, त्यावरून बायका श्रेष्ठ असं कोणी म्हणू नये. पण 'मुलींचा हात बसत नाही' म्हणणाऱ्याने हा आकडा कुठे ठेवायचा ते सांगावं.

सर्जरीत मुलींना खरंच जे जड जातं ते हाताबाहेरचं आहे: छत्तीस-छत्तीस तासांची ड्युटी, रेसिडेन्सीच्या वयातच येणारं लग्न आणि बाळंतपण, झोपायला धड खोली नसणं, आणि पुढे प्रॅक्टिस टाकल्यावर "मोठे डॉक्टर कधी येणार?" असं तुलाच विचारणारे नातेवाईक. यांचा विचार जरूर कर. घरच्यांशी बोल, ज्याच्याशी लग्न करणार त्याच्याशी तर नक्की बोल. नको वाटलं तर सर्जरी सोड, त्यात कमीपणा नाही. पण सोडलीस तर या कारणांनी सोड, टाक्याला लागणाऱ्या मिनिटांसाठी नको.

फॉर्म भरायच्या आधी ज्या कॉलेजांकडे तुझा डोळा आहे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना फोन कर. विचार, अपेंडिक्स आणि हर्निया त्या स्वतः करतात की जखम ओढून धरायचा रिट्रॅक्टर धरून उभ्या असतात. लॅप्रोस्कोपीत पहिला पोर्ट, म्हणजे दुर्बीण-हत्यारं आत घालायची नळी, त्यांच्या हातून कधी पडला. हेच तिथल्या मुलांनाही विचार आणि उत्तरं ताडून बघ. ऑफिसला विचारू नकोस, तिथे सगळं छानच असतं. आणि उद्या कॅज्युअल्टीत गेलीस की सहा नंबरचा मोजा मागून एकदा घालून बघ. बऱ्याच मुली वर्षानुवर्षं अर्धा नंबर मोठाच वापरत असतात.